ज्योती भट्ट: चित्रकार, मुद्राचित्रकार की छायाचित्रकार?

पडवी:
बडोद्याच्या ज्योती भट्ट यांच्याविषयी वाचताना एक प्रश्न सतत पडतो. जाणकारांनी त्यावर प्रकाश टाकावा, ही विनंती. १९३४ साली भावनगरला जन्मलेले भट्ट १९५० मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात सुरू झालेल्या ललितकला विभागाच्या पहिल्याच तुकडीचे विद्यार्थी. आपले नारायण श्रीधर बेंद्रे आणि के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली ते चित्रकला शिकले, पुढे नेपल्सला आणि १९६४ ते १९६६ या काळात न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये राहून मुद्राचित्रणात, म्हणजे ठशावरून कागदावर छाप घेण्याच्या कलेत, तयार झाले, आणि परतल्यावर थोड्याच काळात कॅमेरा घेऊन खेडोपाडी हिंडू लागले. ही तीन माध्यमांत विखुरलेली कारकीर्द म्हणायची, की तिच्यात काही सूत्र आहे? लोककलेची ती कृष्णधवल छायाचित्रे नोंदी मानावीत की स्वतंत्र कलाकृती?

आम्लपट:
मुद्राचित्रांपासून सुरुवात केली की सूत्र लवकर हाती लागते, असे माझे मत आहे. इंटाग्लिओ पद्धतीत जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर आम्लाला न जुमानणारा लेप देतात आणि त्यावर सुईने रेषा ओढून पत्रा आम्लात सोडतात. लेप जिथे निघाला असेल तेवढाच धातू आम्ल खाते. मग खाचांत शाई भरायची, पृष्ठभागावरची शाई जाळीदार कापडाने पुसून काढायची, ओलसर कागद ठेवायचा आणि पत्रा दाबयंत्रातून काढायचा. छाप उलटी उमटत असल्याने पत्र्यावर अक्षरेसुद्धा उलटी कोरावी लागतात. भट्टांनी हे सारे निगुतीने केले आहे. त्यांच्या छापांत पोपट, मोर, गोंदणातले ठिपके आणि गुजराती अक्षरे यांची एवढी दाटी असते की, ‘कल्पवृक्ष’सारख्या चित्रात नजर एका जागी ठरत नाही.

हा ऐवज अंगणांतून आणि भिंतींवरून आला. १९६७ मध्ये गुजरातच्या लोककलेवरील एका परिसंवादाच्या निमित्ताने त्यांनी छायाचित्रे काढली आणि ते काम पुढे अनेक वर्षे, गुजरातबाहेरही, चालू राहिले. शिल्पकार राघव कनेरिया यांच्याबरोबरही त्यांनी या भटकंत्या केल्या. राजस्थानातली मांडणा ही पारंपरिक नक्षी शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर खडूची पांढरी माती आणि गेरू यांनी काढतात. सण आला की जुनी सारवणाखाली जाते आणि नवी उमटते. घरे सिमेंटची झाली तशी ती भिंतच नाहीशी होऊ लागली. तेव्हा नोंद करणे निकडीचे होते, हे खरे. परंतु भट्ट नुसती नक्षी टिपत नाहीत. भिंतीवरचा प्राणी आणि शेजारी बसलेली बाई एकाच चौकटीत अशी बसवतात की, दोघांच्या रेषा एकमेकींना उत्तर देतात. काळ्यापांढऱ्याचा हा तोल छापखान्यात घडलेल्या नजरेचा आहे. रंगचित्रांबद्दल मात्र मी एवढेच म्हणेन की, क्युबिझमच्या (वस्तू भौमितिक तुकड्यांत मांडणाऱ्या शैलीच्या) छायेतली त्यांची सुरुवातीची चित्रे चांगली असली तरी त्यांच्या काळातल्या इतरांच्या चित्रांपासून फार वेगळी वाटत नाहीत.

उंबरठा:
आम्लपट यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण ‘कलाकृती’ म्हणताना एक अडचण राहते. मी पाहिलेल्या छायाचित्रांच्या शीर्षकांत गाव किंवा प्रांत असतो, भिंत रंगवणाऱ्या बाईचे नाव क्वचितच सापडते. छायाचित्र स्वतंत्र कलाकृती ठरले, तर त्यातल्या भिंतीची कर्ती कोण, हा प्रश्न अधिकच टोचतो. त्या काळी अशी नावे टिपण्याची पद्धत फारशी नव्हती, हे मान्य. आणि भट्टांनी माणसांना चौकटीबाहेर ढकलले नाही, हे त्यांचे मोठेपणच. तरीही या छायाचित्रांना नोंद म्हणून वाचणे मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण नोंदीत काय राहून गेले हे विचारता येते.

पडवी:
दोघांचेही आभार. मूळ छापा आणि छायाचित्रे कुठे पाहता येतील?

आम्लपट:
बंगळुरूच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीकडे त्यांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह आहे. २०२३ मध्ये त्या संग्रहालयाची इमारत खुली झाली तेव्हा त्यांचे प्रदर्शनही तिथे भरले होते. घरबसल्या पाहायचे असेल तर हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने त्यांची कागदपत्रे आणि छायाचित्रे संगणकावर उपलब्ध केली आहेत. छाप मात्र शक्यतो प्रत्यक्षच पाहावी, कारण कागदावर उठलेली शाईची कड आणि पत्र्याचा दाब पडद्यावर दिसत नाही.