एनजिनएक्सकडून टॉमकॅटकडे जाताना यूआरएलमधील एन्कोड केलेला स्लॅश का हरवतो?

प्रश्न : दस्तसंग्राहक

नमस्कार. आमच्या दस्तऐवज-संग्रहासाठी पुढे विनंत्या स्वीकारून मागे पोहोचवणारा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि त्यामागे जावा ॲप्लिकेशन चालवणारा टॉमकॅट ७ अशी रचना आहे. दस्ताचा क्रमांक यूआरएलच्या पाथमध्येच (सर्व्हरच्या नावानंतरच्या भागात) येतो आणि काही क्रमांकांत स्लॅश असतो, म्हणून 12/34 हा क्रमांक दुव्यात आम्ही 12%2एफ34 असा, म्हणजे स्लॅशच्या जागी %2एफ हे त्याचे सांकेतिक (एन्कोड केलेले) रूप घालून लिहितो. एनजिनएक्सच्या लॉगमध्ये तो तसाच दिसतो, परंतु टॉमकॅटच्या लॉगमध्ये 12 आणि 34 असे दोन वेगळे भाग उमटतात आणि ४०४ (सापडले नाही) हे उत्तर मिळते. एनजिनएक्स वगळून थेट टॉमकॅटला विचारले, तर ४०० (चुकीची विनंती) मिळते. याशिवाय मराठी नावाच्या फाइली मागितल्या की नावाच्या जागी निरर्थक लॅटिन अक्षरे येतात. स्लॅश दोनदा एन्कोड करावा, असे एका सहकाऱ्याने सुचवले आहे. तसे करणे योग्य ठरेल का? विनंती मागे कुठे पाठवायची हे एनजिनएक्सला सांगणाऱ्या आमच्या प्रॉक्सी_पासच्या ओळीत मागच्या सर्व्हरचा पत्ता, पोर्ट 8080 आणि शेवटी एक स्लॅश आहे.

उत्तर : मध्यस्थ

आपल्या अडचणीचे मूळ त्या शेवटच्या स्लॅशमध्ये आहे. प्रॉक्सी_पासमध्ये पत्त्यानंतर काहीही पाथ दिला, मग तो नुसता स्लॅश का असेना, की एनजिनएक्स आलेला पाथ आधी डीकोड करतो, त्यातील ठिपके आणि लागोपाठचे स्लॅश नीट करतो, लोकेशनचा (सेटिंगमध्ये नेमून दिलेला पाथच्या सुरुवातीचा) भाग बदलतो आणि मग उरलेले पुन्हा एन्कोड करून पुढे पाठवतो. या प्रक्रियेत रिकामी जागा पुन्हा %20 होते आणि टक्क्याचे चिन्ह पुन्हा %25 होते, परंतु %2एफ एकदा का स्लॅश झाला की तो मुळात दुभाजक होता की नावाचा भाग होता, हे सांगण्याची कोणतीही खूण शिल्लक राहत नाही.

शेवटचा स्लॅश काढून टाकल्यास एनजिनएक्स ग्राहकाने पाठवलेला पाथ अक्षरशः तसाच पुढे देतो. मात्र मग लोकेशनचा पूर्वभागही सोबत जातो, तेव्हा टॉमकॅटमधील ॲप्लिकेशनचे नाव त्याच्याशी जुळवून घ्यावे लागेल. पूर्वभाग काढण्यासाठी रीराइट हा पाथ बदलणारा नियम वापरलात, तर पुन्हा डीकोड केलेलाच पाथ पुढे जाईल आणि मूळ दुखणे परत येईल.

एवढे झाल्यावर आपल्याला एनजिनएक्समधूनही ४००च दिसेल, कारण टॉमकॅट पाथमधील %2एफ मुळातच नाकारतो. नव्या आवृत्त्यांत कनेक्टरवर (टॉमकॅटच्या विनंत्या स्वीकारणाऱ्या भागावर) ‘एनकोडेड-सॉलिडस-हँडलिंग’ ही सेटिंग आहे. तिला ‘पासथ्रू’ हे मूल्य दिल्यास %2एफ आहे तसाच ॲप्लिकेशनपर्यंत पोहोचतो. तिथे जावामधील गेट-रिक्वेस्ट-यूआरआय हे फंक्शन वापरावे, कारण ते डीकोड न केलेला पाथ देते. आधी स्लॅशवर तुकडे करावेत आणि मगच प्रत्येक तुकडा डीकोड करावा. हा क्रम उलटला तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. स्प्रिंग सिक्युरिटी ही जावाची सुरक्षा-लायब्ररी वापरत असाल, तर तिची फायरवॉलदेखील असा पाथ अडवते, हे आताच सांगून ठेवतो.

उत्तर : बाइटवाचक

मराठी नावांचा प्रश्न याहून वेगळा आहे आणि त्याचा एनजिनएक्सशी संबंध नाही. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि एन्कोड केल्यावर प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होतात. म्हणजे ‘मराठी’ या शब्दातील म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी ही पाच चिन्हे यूआरएलमध्ये ४५ अक्षरे होऊन जातात. टॉमकॅट ७ हे बाइट मुळात आयएसओ-८८५९-१ हा एका बाइटला एक लॅटिन चिन्ह देणारा संकेत मानून वाचतो, म्हणून प्रत्येक बाइटचे एक स्वतंत्र लॅटिन अक्षर होते. आपल्या लॉगमध्ये दर तीन अक्षरांमागे डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ‘ए’ दिसत असेल, तर निदान नक्की समजावे, कारण देवनागरी चिन्हांचा पहिला बाइट नेहमी तोच असतो. कनेक्टरवर ‘यूआरआय-एन्कोडिंग’ यूटीएफ-८ ठेवा. आठव्या आवृत्तीपासून ते मुळातच तसे आहे.

दस्तसंग्राहक

आभारी आहे. टॉमकॅटची आवृत्ती वाढवणे आम्हाला शक्य आहे. दोनदा एन्कोड करण्याबद्दल आपले मत समजले, तर सहकाऱ्यालाही सांगता येईल.

उत्तर : मध्यस्थ

दोनदा एन्कोड करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. २००५ च्या आरएफसी ३९८६ या यूआरएलच्या मानकातच, एकच मजकूर एकाहून अधिक वेळा एन्कोड किंवा डीकोड करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. %252एफ (टक्क्याचे चिन्हही एन्कोड केलेला %2एफ) पाठवल्यावर आज वाटेत दोनदा डीकोड होत असेल तर ते चालेल. उद्या कोणी मधला एक टप्पा काढला किंवा वाढवला की सगळे दुवे मोडतील. सुरक्षेचा धोका तर त्याहून मोठा आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये अपाची या वेब सर्व्हरच्या २.४.४९ आवृत्तीमधील जी त्रुटी उघड झाली, तिच्यात एन्कोड केलेला ठिपका तपासणीतून निसटून फोल्डरबाहेरच्या फाइलींपर्यंत पोहोचता येत होते, २.४.५० मधील दुरुस्ती दुहेरी एन्कोडिंगने चुकवता आली आणि २.४.५१ काढावी लागली. तपासणी एका रूपाची आणि वापर दुसऱ्या रूपाचा, असे जिथे होते, तिथे अशी वाट राहतेच.

शक्य असेल तर क्रमांक पाथमधून काढून क्वेरीत (यूआरएलमधील प्रश्नचिन्हानंतरच्या भागात) न्यावा, हा उपाय मला सर्वांत टिकाऊ वाटतो. क्वेरीत स्लॅश एन्कोड न करताही चालतो आणि एनजिनएक्स क्वेरीला हात लावत नाही. तिथे फक्त अधिकचे चिन्ह आणि ‘&’ जपावे लागतात: मोकळे अधिक चिन्ह क्वेरीत रिकामी जागा म्हणून वाचले जाते, पाथमध्ये मात्र ते अधिकच राहते. जावाचा यूआरएल-एन्कोडर फॉर्मसाठी बनलेला असल्याने रिकाम्या जागेचे अधिक चिन्ह करतो, म्हणून त्याने पाथ एन्कोड करू नये.

उत्तर : बाइटवाचक

एक पुरवणी. फाइलीच्या नावात अर्धविराम येत असेल, तर पाथमध्ये तो %3बी असा लिहावा. मोकळ्या अर्धविरामापासून पुढच्या स्लॅशपर्यंतचा भाग टॉमकॅट पाथचे पॅरामीटर समजून बाजूला काढतो आणि मग अर्धवट नावाची फाइल शोधत बसतो.