स्पेसिएदालरला मराठीत काय म्हणायचं?

पैलतीर: १८३० च्या सुमाराची एक डॅनिश कथा इंग्रजीवरून मराठीत आणतेय. त्यात रिग्सबँकदालर आणि स्पेसिएदालर अशी दोन नाणी येतात, मी दोन्हीला 'चांदीचा रुपया' केलं आणि संपादकांनी लाल खूण केली. बरोबरच आहे, एक स्पेसिए म्हणजे दोन रिग्सबँकदालर, मग नायकाचं कर्ज अर्ध्यावर येतं. स्पेसिएला काय लिहू?

शब्दवेडा: रौप्यमुद्रा. स्वच्छ मराठी शब्द असताना दुसरीकडे कशाला जायचं.

जुनंनाणं: बाजारातली बाई मुद्रा म्हणेल का कधी? दालरच ठेवा. बोहेमियातल्या योआखिमस्थालच्या खाणीतल्या चांदीची नाणी १५२० च्या आसपास निघाली, त्या गावावरून थालर, त्याचंच डेन्मार्कात दालर आणि पुढे डॉलर.

कोकणकडा: आमची आजी 'बंदा रुपया' म्हणायची, खणखणीत, चांदीचा. युद्धखर्चासाठी नोटा छापून छापून डेन्मार्कचं सरकार १८१३ मध्ये दिवाळखोर झालं, जुन्या सहा दालरच्या नोटांना नवा एक रिग्सबँकदालर मिळाला. अशा काळात माणूस हातात बंदा मागणारच. स्पेसिए म्हणजे कागदी नोट नव्हे, खरी चांदी, म्हणजे बंदाच!

शब्दवेडा: बंदा म्हणजे न मोडलेला, सुट्ट्याच्या उलट. कागद की चांदी याच्याशी संबंध नाही.

कोकणकडा: आमच्याकडे नोटेला कुणी बंदा म्हटलेलं मी ऐकलं नाही.

जुनंनाणं: मग कलदार का नको?

शब्दवेडा: कल म्हणजे यंत्र, कलदार म्हणजे यंत्रावर पाडलेला. शिवाय आपल्याकडे तो कंपनीचाच रुपया डोळ्यासमोर येतो.

कावेरीकाठ: डॅनिश चांदीचं नाणं आपल्याला इतकं परकं नाही हो. तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला १६२० पासून त्यांची वखार होती, तंजावरच्या भोसल्यांना ते दरसाल खंडणी द्यायचे, आणि तिथे पाडलेलं चांदीचं रॉयलिन आठाला एक रुपया असं चालायचं. एका रॉयलिनचे ८० कास. हा कास म्हणजे तमिळ काशु, त्यावरूनच इंग्रजी कॅश.

जुनंनाणं: ते छोट्या तांब्याच्या नाण्याचं नाव झालं. रोख पैशाचा कॅश फ्रेंच 'केस' म्हणजे पेटीवरून आलाय, दोन वेगळे शब्द आहेत.

कावेरीकाठ: पेटीत ठेवायचे ते काशुच ना! आणि तमिळ पणम म्हणजे पैसा, तो आपल्या 'पण' या जुन्या संस्कृत नाण्याच्या नावावरून, मग देवाणघेवाण दोन्हीकडून झालीच की.

पैलतीर: अहो पण स्पेसिए? आणि खाली स्किलिंग पण आहेत, एका रिग्सबँकदालरचे ९६, त्यांना पैसा म्हणू की दमडी?

शब्दवेडा: दमडी अजिबात नको, ती फार हलकी. त्या 'पण'चं मात्र मला पटलेलं नाही, तमिळ पणम संस्कृतातूनच आला हे कशावरून?