ब्लॅकबर्डचं घरटं दिसलंय, किती लांबून बघू? मदत हवी आहे
मंडळी, आठ-दहा दिवस रानात एक ब्लॅकबर्डची जोडी बघतोय. नर काळाकुळकुळीत, चोच नारिंगी-पिवळी, डोळ्याभोवती तसंच कडं, आणि संध्याकाळी उंच फांदीवर बसून असा गातो की पाय निघत नाही. मादी तपकिरी, पालापाचोळा उलटापालटा करत गांडुळं शोधते (मला आधी वेगळाच पक्षी वाटलेला 😄). आता झुडपात घरटं दिसलंय, पण मी जरा पुढे सरकलो की नर चिक-चिक ओरडायला लागतो, म्हणजे त्रास होतोय हे कळतंय. दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) आहे, तर किती लांब थांबू? आणि पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर येतात, उचलायची नसतात हे माहितीये, पण आसपास मांजर फिरत असेल तर तुम्ही काय करता?