मदत हवी आहे : काउंटी जेलच्या खाटांचा हिशेब

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत ओहायोत राहतो. आमच्या काउंटीत (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) नवं जेल बांधायचं घाटतंय आणि नागरिक समितीत माझी वर्णी लागली आहे. परवा जुनं जेल पाहून आलो. दोघांच्या कोठडीत तिसरा माणूस जमिनीवर, होडीसारख्या प्लॅस्टिकच्या खाटेत, उशाशी संडास. तिथे त्या खाटेला ‘बोट’च म्हणतात!

सल्लागार म्हणतो, काउंटीची लोकसंख्या वाढतेय, खाटा वाढवा. मला पटत नाही. रोजची कैदीसंख्या म्हणजे वर्षाची आवक गुणिले सरासरी मुक्काम, भागिले 365. समजा वर्षाला 3,650 जण आले आणि 20 दिवस राहिले, तर 200 खाटा लागतात. मुक्काम 15 दिवसांवर आणला की 150. शिवाय आत बहुतेक कच्चे कैदीच, त्यातले कितीतरी जामिनाचे पैसे नाहीत म्हणून अडकलेले. न्यू जर्सीने 2017 पासून रोख जामीन जवळपास बंद केला, इलिनॉयने 2023 मध्ये पूर्णच.

कुणी अशा समितीवर किंवा कोर्टात काम केलंय का? कोर्टाच्या तारखेची आठवण एसएमएसने दिल्यावर, तारीख चुकवल्याची अटक वॉरंटं खरंच कमी झाली का? आणि बायका, आजारी, वेगळे ठेवायचे कैदी यांच्यासाठी किती खाटा रिकाम्या धरता? बैठक पुढच्या गुरुवारी आहे.