मदत हवी आहे: गादीला अ‍ॅलर्जी-कव्हर घातलं, तरी रात्री घरघर का?

पहाटवारा:
रुग्ण ११ वर्षांचा, दमा आहे. त्वचेवरच्या टोचणी-चाचणीत धूळमाइटला (घरच्या धुळीतला, डोळ्यांना न दिसणारा जीव) ७ मिमीची गांध उठली. झुरळ, मांजर निगेटिव्ह. स्टिरॉइड इनहेलर रोज २ वेळा. ५ आठवड्यांपूर्वी गादीला झिपचं कव्हर घातलं. चादरी-अभ्रे दर आठवड्याला गार पाण्यात मशीनला, उशा २ दिवस डीप फ्रीझरमध्ये, खोलीत हेपा प्युरिफायर (हवा गाळणारं यंत्र). तरी रात्री ९ ला अंथरूण झटकलं की लगेच शिंका, छाती आवळते. मग बरं वाटतं आणि २-३ वाजता पुन्हा घरघर. काय चुकतंय? एकाच धुळीचा त्रास दोनदा कसा?

स्पायरो:
धूळ एकदाच आत जाते, प्रतिक्रिया दोन टप्प्यांत येते. त्रास मुख्यतः माइटच्या विष्ठेचा. एकेक कण साधारण २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात डर पी १ नावाचं प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) ठासून भरलेलं. श्वासनलिकेच्या ओल्या अस्तरावर कण पडला की हे विकर पेशींमधले सांधे कापतं आणि बाकीच्या त्रासदायक पदार्थांना, म्हणजे अ‍ॅलर्जनना वाट मोकळी होते. दुखावलेलं अस्तर टीएसएलपी, आयएल-३३ हे संदेश सोडतं, टीएच २ या प्रतिकारशक्तीच्या पेशी जाग्या होतात आणि त्यांच्या आयएल-४, आयएल-१३ मुळे बी पेशी माइटविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवू लागतात. तुमच्या रुग्णात हे आयजीई अस्तरातल्या आणि त्वचेतल्या मास्ट पेशींवर आधीच चिकटून बसलंय, म्हणून तर गांध उठली.

अंथरूण झटकलं की काही मिनिटांत या मास्ट पेशींतून हिस्टामिन, ल्युकोट्राईन ही श्वासनलिका आवळणारी रसायनं सुटतात: पहिला टप्पा. मग इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जमायला लागतात आणि ४ ते ८ तासांनी सूज, चिकट कफ. ९ ला झटकलं, २-३ ला घरघर, हिशेब जुळतो. दम्यात श्वासनलिका पहाटेकडे तशाही आकसतात, त्याची भर वेगळी.

कोरडीहवा:
फ्रीझरमध्ये माइट मरतो, पण विष्ठा जशीच्या तशी. नंतर उशी धुतली नसेल तर अ‍ॅलर्जन तेवढाच. गार धुण्याचं उलटं: अ‍ॅलर्जन पाण्याबरोबर बराच निघून जातो, माइट मात्र धाग्यांना धरून जिवंत राहतात. ६० अंशांना धुतलं की दोन्ही साधतं. कापडाला ६० सोसत नसेल तर आधी फ्रीझर, मग गार धुणं, याच क्रमाने.

प्युरिफायरवर भिस्त नको. हे कण जड, उडाले तरी अर्ध्या तासाच्या आत खाली बसतात. यंत्र कोपऱ्यात आणि रुग्णाचं नाक रात्रभर उशीत, मग ते काय गाळणार? कव्हर उशीला आणि दुलईलाही हवं, घट्ट विणीचं, छिद्रं १० मायक्रॉनहून लहान. झिप संपते तिथे बारीक फट राहते, ती टेपने बंद करा.

पहाटवारा:
धन्यवाद. उशांना कव्हर नाहीच, आणि फ्रीझरनंतर धुतल्याही नव्हत्या. खोलीतला हायग्रोमीटर आर्द्रता ६८ टक्के दाखवतो. माइट मारायचा स्प्रे वापरू का?

कोरडीहवा:
स्प्रे नको. मेलेल्या माइटचा आणि जुन्या विष्ठेचा अ‍ॅलर्जन उरतोच, वर वासाने दमा चाळवू शकतो. खरी गोम त्या ६८ मध्ये आहे. माइट पाणी पीत नाही, हवेतला ओलावा अंगात ओढून घेतो. आर्द्रता सतत ५० च्या खाली राहिली तर तो वाळून मरतो. डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषणारं यंत्र) लावा, ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका. सकाळी उठल्याउठल्या पलंगपोस अंथरू नका. रात्रीचा घाम गादीतून उडू द्या.

स्पायरो:
५ आठवडे कमीच. अ‍ॅलर्जन घटल्यावरही श्वासनलिकेची चिडखोरी उतरायला महिने लागतात. नुसत्या कव्हरांनी औषध कमी होत नाही, हे प्रौढांवरच्या मोठ्या चाचणीत दिसलंय, म्हणून इनहेलर स्वतःहून बंद किंवा कमी करू नका. उलट, रात्री जाग येणं म्हणजे दमा ताब्यात नाही. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) लावून इनहेलर कसा घेतला जातो ते त्यांच्यासमोर करून दाखवा. इम्युनोथेरपीचं (माइटचा अंश थोडाथोडा देऊन शरीराला सवय लावण्याचं) विचारायचं असेल तर तीही दमा आटोक्यात आल्यावरच सुरू करतात आणि साधारण ३ वर्षं चालते. बोलता येईना, ओठ निळसर दिसले किंवा रिलिव्हरने (लगेच आराम देणाऱ्या इनहेलरने) उतार पडला नाही, तर घरी थांबू नका, थेट तातडीच्या विभागात.

आणि आजपासून रात्रीचं झटकणं बंद. चादर गुंडाळून उचला, तेही सकाळी, रुग्ण खोलीबाहेर असताना; पुढचा अर्धा तास त्याला आत जाऊ देऊ नका.