तिसऱ्या उमेदवाराला दिलेले मत

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत दोन मोठ्या पक्षांबाहेरच्या तिसऱ्या उमेदवाराला दिलेले मत फुकट जाते, असे काकांनी लिहिले आहे. मला ते पटत नाही. जून १९९२ मध्ये गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत अपक्ष उमेदवार रॉस पेरो ३९ टक्क्यांवर, म्हणजे रिपब्लिकन जॉर्ज बुश (थोरले) आणि डेमोक्रॅट बिल क्लिंटन या दोघांच्याही पुढे होते. जुलैत त्यांनी माघार घेतली, ऑक्टोबरमध्ये ते परत रिंगणात उतरले आणि तरीही त्यांना सुमारे १९ टक्के मते पडली. मात्र कोणत्याही एका राज्यात पहिला क्रमांक न मिळाल्यामुळे इलेक्टोरल मत (प्रत्येक राज्याच्या वाट्याची, अध्यक्ष ठरवणारी मते) एकही मिळाले नाही. उलट १९६८ मध्ये जॉर्ज वॉलेस यांनी साडेतेरा टक्के मतांवर दक्षिणेतील पाच राज्ये जिंकली, कारण त्यांचा वंशभेदी पाठिंबा एकाच प्रदेशात एकवटलेला होता. दोष मतदाराचा नसून राज्यातील सगळी इलेक्टोरल मते एकाच्या पदरात टाकणाऱ्या पद्धतीचा आहे. आमच्या न्यू जर्सीत निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो. अशा ठिकाणी मनातल्या उमेदवाराला मत देऊन दोन्ही पक्षांना नाराजी कळवणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

आपली,
एक सभासद, एडिसन

~

प्रिय ताई, स. न.

पेरो यांच्या मतदारांची दुसरी पसंती बुश आणि क्लिंटन यांच्यात जवळपास सारखी वाटली गेली होती, हे मतदानोत्तर पाहणीत दिसले. तेव्हा १९९२ पुरते तुमचे म्हणणे मी मान्य करतो. पण सन २००० मध्ये फ्लोरिडात धाकटे बुश ५३७ मतांनी जिंकले आणि ग्रीन पक्षाचे तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना तिथे ९७ हजारांहून अधिक मते होती. शिवाय 'आधीच ठरलेले' राज्य कोणते, हे कसे ओळखायचे? २०१६ मध्ये मिशिगन डेमोक्रॅटिक पक्षाचे मानले जात होते. तिथे ट्रम्प पावणेअकरा हजारांच्या आत जिंकले, आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांची मते ५१ हजारांवर होती. ती सगळी हिलरी क्लिंटन यांनाच गेली असती असे मी म्हणत नाही, पुष्कळ जण घरीच बसले असते. तरीही ही जोखीम मला घ्यायची नाही.

मेन राज्यात २०२० पासून अध्यक्षपदासाठीही पसंतीक्रमाने मत देता येते, म्हणजे पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला तर मत पुढच्या पसंतीला जाते. आमच्या पेनसिल्व्हेनियात तशी सोय असती, तर पहिली पसंती मीही तिसऱ्यालाच दिली असती. ती येईपर्यंत माझे मत दोघांपैकी एकालाच जाईल.

आपला,
काका, फिलाडेल्फिया