‘एकाच वेळी’ की ‘परस्परावलंबी’? बाष्पीभवन, संप्लवन आणि त्यांचे शब्द

प्रश्न : ओल्या पृष्ठभागावरून पाणी हवेत जाते तेव्हा उष्णता आणि वाफ दोन्हींची ये-जा होते. याला ‘एकाच वेळी होणारे उष्णता व वस्तुमान वहन’ म्हणावे का? आणि बर्फाची थेट वाफ होते ते ऊर्ध्वपातन की संप्लवन?

– आधी दुसरे. संप्लवनच. मराठीत ऊर्ध्वपातन म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ थंड करून गोळा करणे. हिंदीत त्याला आसवन म्हणतात, आणि तिथले ऊर्ध्वपातन म्हणजे आपले संप्लवन. हिंदी पुस्तकावरून लिहिणारे इथे हमखास घसरतात.

– ‘वहन’ नको. वहन, अभिसरण, प्रारण या उष्णतेच्या तीन वाटा; एकीचे नाव सगळ्यांना कसे चालेल? ‘संक्रमण’, म्हणजे एकीकडून दुसरीकडे जाणे, बरे. पृष्ठभागालगतच्या जवळजवळ स्थिर थरातून वाफ दाटीकडून विरळाकडे पसरत जाते ते विसरण.

– ‘एकाच वेळी’ चूक नाही, पण तोकडे आहे. दोन घड्याळेही एकाच वेळी टोले देतात, त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. इथे आहे. २५ अंश सेल्सिअसला १ किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४४० किलोज्यूल लागतात. ओले फडके वाऱ्यावर धरले तर ती उष्णता आधी फडक्यातूनच जाते, फडके गार होते. गार झाले की पृष्ठभागावरचा बाष्पदाब, म्हणजे वाफेचा दाब, उतरतो, बाष्पीभवन मंदावते; उलट हवेकडून येणारी उष्णता वाढते. जमा-खर्च जुळला की तापमान स्थिरावते. हवा ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर साधारण २२ अंशांवर. गणितातही पृष्ठभागाचे तापमान आणि बाष्पीभवनाचा वेग ही दोन्ही अज्ञाते, म्हणून दोन्ही समीकरणे मिळूनच सोडवावी लागतात. ‘परस्परावलंबी संक्रमण’ म्हणा.

– सरसकट नको. डांबरगोळीचा, म्हणजे नॅफ्थलीनचा, बाष्पदाब २५ अंशांना जेमतेम ११ पास्कल. संप्लवन इतके सावकाश की गोळी गार झाल्याचे कळतही नाही. म्हणूनच नुसते वस्तुमान संक्रमण मोजायला प्रयोगशाळेत नॅफ्थलीन घेतात. तिथे ‘परस्परावलंबी’ म्हणजे शब्दाला फुकटचा भार.

– मान्य. पाणी आणि बर्फापुरते ठेवू.

– फडक्याचे ते स्थिरावलेले तापमान मोजायला तापमापीच्या फुग्यावर ओली वात गुंडाळतात आणि त्यावरून हवेची आर्द्रता काढतात. त्याला ‘आर्द्र तापमान’ म्हणणेही टाळा, वाचणाऱ्याला ती आर्द्रताच वाटते. ‘ओल्या फुग्याचे तापमान’ स्पष्ट आहे. फुग्यावरची वात सुकली, मळली किंवा तिच्यात क्षार साठले की तापमान खऱ्यापेक्षा जास्त दिसते आणि आर्द्रताही जास्त निघते. वारा मंद असला तरी तेच. फुग्यावरून सेकंदाला निदान ३ मीटर वेगाने हवा जाऊ द्यावी.

– शून्याखाली मोजत असाल तर वातीवर पाणी आहे की बर्फ तेही लिहा. उणे १० अंशांना अतिशीत (शून्याखालीही न गोठलेल्या) पाण्याचा संपृक्त, म्हणजे जास्तीत जास्त, बाष्पदाब २८६ पास्कल, बर्फाचा २६०. अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न बदलता अवस्था बदलायला लागणारी उष्णता, तोही वेगळा : शून्य अंशाला बाष्पीभवनाचा सुमारे २५००, त्यात वितळण्याचे ३३४ मिळवले की संप्लवनाचा २८३४ किलोज्यूल प्रति किलो. आर्द्रता काढायचा तक्ता पाण्याचा आणि वातीवर बर्फ, असे झाले की उत्तर चुकलेच.